अण्णांचा अंगठा

आता हसू नका हं, आधीच बजावून ठेवतो. चहा गरम आहे तोवर मुकाट ऐकून घ्या, मग काय टिंगल करायची ती करा. गाढवपणा माझ्या हातून आजवर पुष्कळ झालाय. पण मेलेल्या माणसानं माझं मनगट धरलं, असं एकदाच झालं. तेही भर दुपारी, सोलापूरच्या शुक्रवार पेठेत! आणि चूक सगळी माझी.

मुळात भानगड सुरू झाली ती कॅनडापायी.

मी डिप्लोमावाला माणूस. कारखान्यातली यंत्रं चालती ठेवायची, हा माझा धंदा. आमच्या भाग्यश्रीच्या, म्हणजे बायकोच्या, डोक्यात एकच खूळ बसलेलं: कॅनडात जाऊन कायमचं राहायचं. तिची मावसबहीण तिकडं गेली, बर्फात उभं राहून फोटो पाठवते, आणि इथं आमचा पंखा मे महिन्यात भट्टीचा वारा घालतो. झालं! पुण्यातली एक सल्लागार बाई गाठली. ती बाई फोनवर इतक्या थंड आवाजात बोलायची, की चित्रगुप्ताच्या ऑफिसातून फोन आल्यासारखं वाटायचं.

"सर, तिकडे कुशल कामाचीच वर्षं मोजतात. आणि त्या वर्षांना मालकाचं पत्र लागतं. लेटरहेडवर. तुम्ही काय काम करत होता ते सविस्तर, आणि खाली मालकाची सही."

"आणि पत्र नसलं तर?"

"तर ती वर्षं झालीच नाहीत असं समजायचं."

अंगावर काटा आला हो! त्या वर्षांत माझं लग्न झालं, हाताला ग्रीस लागून लागून नखं काळी पडली, आणि ही बाई म्हणते, झालीच नाहीत? मग तेव्हा कारखान्यात कोण जात होतं, माझं भूत?

त्यात दुसरा पेच. अकलूजच्या एका डेअरीत मला जागा सांगून आली होती. पगार बरा, राहायला क्वार्टर, भाग्यश्रीचं माहेर जवळ. पण काम खुर्चीत बसून हजेऱ्या बघायचं. ते यंत्राच्या अनुभवात धरत नाहीत. बाईंचं म्हणणं सरळ होतं. अण्णांच्या कारखान्यातली माझी जुनी वर्षं मोजण्यात आली, तर अनुभव पुरा भरतो आणि मी अकलूजला जायला मोकळा. नाही आली, तर आहे त्याच नोकरीत, आहे त्याच तिरसट मॅनेजरच्या हाताखाली गप पडून राहायचं. आणि अकलूजवाल्यांना सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं.

म्हणजे सगळं अडलं होतं अण्णांच्या एका सहीवर.

अण्णा म्हणजे माझे पहिले मालक. अक्कलकोट रोडला त्यांचा टॉवेलचा कारखाना. मी तिथं मागांची देखभाल करायचो. मागाला नुसता तळहात टेकवला, की कुठलं बेअरिंग तापलंय, कुठं ठोका चुकतोय, ते मला कळायचं. अण्णा पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणायचे. "ह्यो शिवू. यंत्राची नाडी बघतो की!"

कौतुक तेवढं तोंडभर. बाकी चिक्कूपणात अण्णांचा हात धरणारा अख्ख्या सोलापुरात नाही. दिवाळीला आम्हाला काय मिळायचं? किनार वाकडी गेली म्हणून बाजूला काढलेले टॉवेल! शिक्क्याचं पॅड तर मी कामाला लागायच्या आधीपासून पाण्यावर चाललेलं. आणि माणूस कडक. रोज पहाटे लिंगपूजेला बसले, की पूजा संपेपर्यंत तोंडातून शब्द नाही. एकदा दारातला ट्रान्सफॉर्मर फुटला, सगळी गल्ली गोळा झाली, अण्णांची पापणी हलली नाही. आणि कारखान्याचं तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "मी गेल्यावर एक दिवस बंद ठेवा. त्याच्या आदी न्हाय."

हे वाक्य तेवढं ध्यानात ठेवा.

शनिवारी मी पत्राचा मजकूर टाइप करून घेतला आणि निघालो. भाग्यश्री दारापर्यंत आली.

"आवो, ह्ये नवीन शिक्क्याचं पॅड घेऊन जावा. त्यांच्या पाण्याच्या शिक्क्यातलं कॅनडाला काय दिसणार?"

"बरं सुचलं."

"आणि सकाळधरनं फोन लावताय, कुणी उचलंना. वय झालंय त्यांचं. काई बरंवाईट झालं नसंल न्हवं?"

"शुभ बोल की जरा!"

पण तिनं बोलायचं ते बोलून ठेवलं होतं.

कारखान्यापाशी पोचलो तेव्हा ऊन टळटळीत. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि गाडी बंद केली तसं काहीतरी खटकलं. काय चुकतंय ते क्षणभर कळेना. मग कळलं. आवाज नव्हता! अहो, त्या गेटाशी मी कधी शांतता ऐकलीच नव्हती. लांबूनच मागांचा खडखडाट अंगात शिरायचा, माणूस बोलायला लागला की आपोआप ओरडायचा. आज काही नाही. गेटला कुलूप. वॉचमनची खुर्ची रिकामी, पाठीवर त्याचा टॉवेल तसाच टाकलेला. सावलीत एक कुत्रं बसलं होतं, त्यानं माझ्याकडं पाहिलं, उठलं, आणि न भुंकता निघून गेलं.

मी वळणार, एवढ्यात आतून आवाज आला.

खट्.

एकच. मागाचा ठोका. मी तो झोपेतसुद्धा ओळखीन.

"कोण हाय आत?" मी ओरडलो. गेटच्या फटीतून पाहिलं, तर भिंतीवरच्या बोर्डाचा लाल दिवा बंद. म्हणजे वीज तोडलेली. वीज नाही, माणूस नाही, मग माग कोण चालवतंय?

खट्.

मी गाडीला किक मारली ती थेट शुक्रवार पेठेत येऊन थांबलो. सगळी वाट एकच वाक्य डोक्यात: मी गेल्यावर एक दिवस बंद ठेवा.

अण्णांच्या गल्लीत मांडव. मांडवात खुर्च्या मांडलेल्या, पण माणूस एक नाही. दुकानं दुपारची बंद. दाराला केळीचे खुंट आणि झेंडूची कमान. आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, केळीचे खुंट शुभकार्यालाही बांधतात! बरोबर आहे. पण मन एकदा स्मशानाकडं वळलं की त्याला शुभकार्य दिसतंय का?

आणि आमच्यात, लिंगायतात, कसं असतं ते सांगतो, म्हणजे मला वेडा ठरवणार नाही तुम्ही. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवा नेत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळभर विभूती लावतात, हार घालतात, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात, आणि केळीच्या खुंटांनी, फुलांनी सजवलेल्या आसनावर बसवून भजन म्हणत नेतात. बसलेला माणूस. पूजेला बसल्यासारखा.

मी चपला काढून आत पाऊल टाकलं, आणि तिथंच थिजलो.

खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे सोडलेले. हिरवट अंधार. उदबत्तीचा धूर खोलीभर तरंगत होता, कोपऱ्यात कूलर घरघरत होता. आणि समोर फुलांनी मढवलेल्या खुर्चीत अण्णा. पांढरंशुभ्र धोतर. कपाळावर विभूतीचे पट्टे. मांडीपर्यंत आलेला निशिगंधाचा हार. डाव्या तळहातावर लिंग. डोळे मिटलेले, पण पुरते नाहीत. पापण्यांखालून एक बारीक पांढरी रेघ दिसत होती, आणि ती माझ्याकडंच बघत होती.

आतून, स्वयंपाकघरातून, कुणीतरी बाई नाक ओढत होती. मग दुसरीनं ओढलं.

गेले. अण्णा गेले.

वाईट वाटलं हो मला. खोटं नाही सांगत. कसाही असला तरी पहिला मालक! आणि एवढा मोठा माणूस, पण जवळ बसायला एक जण नाही. मी खिशातून मोबाइल काढला, आमचा जुन्या कामगारांचा एक ग्रुप आहे, त्यावर लिहिलं, 'अण्णा आपल्याला सोडून गेले. शुक्रवार पेठेत या.' आणि मान राखायचा म्हणून मोबाइलचा आवाज बंद करून खिशात टाकला.

तरी खात्री केली बरं मी! कुशल माणूस ना? अण्णांच्या भुवईवर एक माशी बसली. ती नाकावरून उतरली, मिशीत शिरली, दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. अण्णा हलले नाहीत. मग मी मागाला टेकवायचो तसा तळहात त्यांच्या उजव्या हातावर टेकवला. ठोका नाही, कंप नाही. हात गार नव्हता, पण सोलापुरात मे महिन्यात गार काय असतं? निदान पक्कं झालं. बंद.

मग मी त्यांच्या पायाशी बसलो आणि बोलायला लागलो. एकट्या माणसाशी मेलेला माणूस फार चांगला वागतो, मध्ये बोलत नाही.

"अण्णा, घाई केलीत. दोन दिवस थांबायचं होतं की! आता माझी वर्षं कोण मोजणार? भाग्यश्रीला काय सांगू? अकलूजवाल्यांना काय सांगू?" डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि जिभेला लगाम राहिला नव्हता. "तुमच्याकडं राबलो, अण्णा. दिवाळीला वाकडे टॉवेल दिलेत, घेतले. तुमचा तो चहा, पाण्याला चहाची नुसती ओळख करून दिलेला, तोही प्यालो. कधी बोललो? एक सही मागत होतो!"

कूलर घरघरला. उदबत्तीची राख गळून पडली. बोललो तसं मन हलकं झालं, आणि मन हलकं झालं की माझ्या डोक्यात काहीतरी अवलक्षणी येतंच.

मेलेला माणूस सही करू शकत नाही. पण अंगठा?

बघू नका असं माझ्याकडं! त्या वेळी मला तो धर्म वाटला. अण्णा असते तर सही केलीच असती, नाही का? आम्ही फक्त त्यांची राहिलेली इच्छा पुरी करायची. पिशवीत पत्र होतं, नवंकोरं पॅड होतं. आत बायका नाक ओढत होत्या, बाहेर गल्ली ओस. मी पॅड उघडलं. अण्णांचा उजवा अंगठा धरला, जांभळ्या शाईवर टेकवला, मग पत्रावर. छान उमटला. रेघन् रेघ.

"माफ करा अण्णा," मी पुटपुटलो, आणि हात परत मांडीवर ठेवायला गेलो.

हात मांडीवर गेला नाही. वळला. आणि त्यानं माझं मनगट धरलं.

घट्ट.

ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. अण्णांचा चेहरा तसाच. पापण्यांखाली ती पांढरी रेघ तशीच. श्वास चाललाय का बघावं, तर कूलरच्या वाऱ्यानं उपरणं आपोआप हलत होतं. नुसता तो एक हात जिवंत. मी ओढून पाहिलं. पकड आणखी आवळली. आमची आजी म्हणायची, गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असला तर तो जवळच्याला धरतो, आणि बरोबर नेतो. माझ्या पाठीवरून घामाची धार लागली, कूलरसमोर बसून!

तेवढ्यात मांडीला काहीतरी चावल्यासारखं झालं. दचकून उडालो. खिशातला मोबाइल! थरथरत होता, थांबेना. आणि गल्लीच्या तोंडाशी टाळ वाजायला लागले. भजन. जवळ येत होतं.

म्हणजे न्यायला आले! आता खुर्ची उचलणार, आणि खुर्चीला मी अडकलेलो!

"अण्णा, सोडा," मी रडकुंडीला आलो. "पत्र फाडतो. कॅनडा नको. अकलूजपण नको. आहे तिथंच ऱ्हातो. मॅनेजर लई देवमाणूस हाय माझा!"

दार धाडकन उघडलं. आत आला इस्माईल. आमच्या कारखान्यातला जुना फिटर, आता गॅरेज चालवतो. हातात भलामोठा हार, डोळे लाल. त्यानं अण्णांकडं पाहिलं. माझ्या मनगटाकडं पाहिलं. माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"या अल्ला! शिवू! अण्णा तेरेकू बी साथ लेको जारे क्या रे?"

आणि त्याच वेळी अण्णांनी डोळे उघडले.

इस्माईलच्या हातातला हार उडाला तो थेट माझ्या गळ्यात पडला, आणि इस्माईल मांडवातल्या खुर्च्या पाडत गल्लीपार. मी कुठं जाणार? मनगट तर अण्णांच्या हातात.

अण्णांनी लिंग कपाळाला लावलं, माझं मनगट सोडलं, लिंग सावकाश जागेवर ठेवलं, हात जोडले, आणि मग माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाले, "फडकं आण. अंगठा पुसाया."

"अण्णा... तुम्ही..."

"आतल्या कपाटात वाकडे टॉवेल हायत की. तुला तर लई म्हाईती हाय त्यांची."

"अण्णा, तुम्ही जिवंत आहात?"

"तुझी परवानगी असंल तर."

मग सगळं कळलं. अण्णांची पंचाहत्तरी होती! सकाळी अभिषेक लांबला म्हणून रोजची पहाटेची पूजा दुपारवर गेली होती. कारखाना जन्मात पहिल्यांदा बंद ठेवला होता, कारण सगळे कामगार मंगल कार्यालयात पंगतीची तयारी करत होते. थोरला मुलगा बसवराज बाकीच्यांना घेऊन स्वामीजींना आणायला गेलेला. टाळ वाजवत आलं ते हेच. अण्णांचा मोबाइल माळ्यावर कुठंतरी पडून वाजत होता. आणि बायका आत भज्यांचा कांदा चिरत होत्या!

"मग तुम्ही बोललात का नाही, अण्णा?"

"पूजेत बोलतो व्हय मी? आणि सोडलं असतं तर तू पळाला असतास. म्हनून धरून ठिवलं." मग त्यांनी ते पत्र उचललं, जांभळ्या अंगठ्याकडं बघितलं, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "मॅट्रिक पास मानूस हाय मी! इंग्रजीत सही करतो! मरताना मला अंगठेबहाद्दर केलास व्हय रे?"

चिक्कू म्हटल्याचं नाही, चहाचं नाही. राग आला तो ह्याचा!

जेवायला बसवलं मला, सोडलं नाही. गव्हाची गोड हुग्गी वाढली, तूप वाढलं. इस्माईल लांबून तीनदा डोकावून, अण्णा खरंच घास गिळतायत हे बघून मगच आत आला. जेवण झाल्यावर अण्णा लोडाला टेकले, इस्माईलकडून ग्रुपवरच्या निरोपाचं ऐकलं, आणि मला म्हणाले, "आता तो गुरूप वाच. कोन कोन रडलं बगू." मी वाचत होतो: 'देवमाणूस', 'पितृतुल्य', 'वटवृक्ष कोसळला'. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. ज्यांनी काहीच लिहिलं नव्हतं, त्यांची नावं मात्र बसवराजला ध्यानात ठेवायला सांगितली.

मी भीतभीत त्या ठोक्याचं विचारलं. वीज नसताना कारखान्यात खट् कसं वाजलं?

अण्णा लोडावरून उठून बसले. "तुझ्या बाजूचा तो कोपऱ्यातला माग हाय न्हवं? तू गेल्यापासनं मधनंच एखादा ठोका देतो. वीज असू दे, नसू दे. लई फिटर आणले, कुणाला कळंना. आता मी बगायचं सोडून दिलंय."

मी लगेच पिशवी उचलली आणि निघालो. आजही तिकडून जाताना मी गाडी हळू करत नाही.

पण माणूस दिलदार बरं! सोमवारी सकाळी पत्र दारात हजर. नातीकडून चोख इंग्रजीत टाइप करून घेतलेलं, कामाचं सगळं वर्णन, खाली अण्णांची झोकदार इंग्रजी सही, आणि शिक्का माझ्याच पॅडचा, ठसठशीत. ते पॅड परत दिलं नाही, ते सोडा. मी आनंदानं अकलूजला फोन करून 'येतो' म्हणून टाकलं, आणि पत्राचा फोटो पुण्याच्या बाईंना पाठवला.

बाईंचा फोन आला. "सर, पत्र उत्तम आहे. वर्षं मोजली जातील. फक्त सहीखाली पेनानं मराठीत काहीतरी लिहिलंय. तिकडे दुसऱ्या भाषेतला एक शब्दही चालत नाही, त्याचं अधिकृत भाषांतर करून घ्या, शिक्क्यासकट."

मी पत्र उलटसुलट करून नीट पाहिलं. शिक्क्याच्या आड बारीक अक्षरात अण्णांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं:

'यंत्र चालू आहे की बंद, हे सदर इसमास नुसत्या हाताने कळते. माणसाच्या बाबतीत हे प्रमाणपत्र लागू नाही.'

पुन्हा अण्णांच्या दारात जाऊन ते खोडून आणायची माझी छाती झाली नाही. कोर्टाजवळच्या एका भाषांतरकाराकडं गेलो. त्यानं ती ओळ वाचली, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, आणि टेबलावरचा आपला हात हळूच मागं घेतला. मग इंग्रजीत उतरवून दिलं, शब्दाला शब्द, वर सही आणि गोल शिक्का.

ते कागद आता कॅनडा सरकारकडं पोचलेत. वर्षं मोजून झाली, बाई म्हणतात काम होईल. भाग्यश्रीनं स्वेटरची लोकर आणलीय. पण त्या ओळीमुळं मला एक धास्ती आहे, आणि ती मी तिला अजून सांगितलेली नाही: कॅनडात उतरल्यावर पहिल्या साहेबानं हात मिळवायला पुढं केला, आणि माझा कागद वाचून मागं घेतला, तर मी काय करू?